हुकूम गव्हर्नरचा, पगार वॉशिंग्टनचा: ड्रग्जच्या तपासात अमेरिकेचं नॅशनल गार्ड

(आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली अडखळ आणि पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आज आपण अमेरिकेत जाणार आहोत. प्रश्न साधा आहे. ड्रग्ज पकडणं हे पोलिसांचं काम. मग त्यात सैनिक कुठून आले? आणि त्यांचा पगार कोण देतं? दुसरा प्रश्न ऐकायला कंटाळवाणा वाटेल, पण खरी गोष्ट त्यातच आहे. शेवटपर्यंत थांबा.

टीव्हीवरची पिशवी

५ सप्टेंबर १९८९. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, टीव्हीवरून देशाशी बोलत होते. बोलता बोलता त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. आत क्रॅक कोकेन होतं. त्यांनी सांगितलं की हा माल व्हाइट हाउससमोरच्याच बागेत पकडलाय. देश हादरला. राष्ट्राध्यक्षांच्या दारात ड्रग्ज!

काही दिवसांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने बातमी दिली. त्या बागेत असला धंदा चालतच नव्हता. भाषणात दाखवायला काहीतरी हवं, म्हणून एजंटांनी १८ वर्षांच्या एका विक्रेत्याला मुद्दाम तिथे बोलावून घेतलं होतं.

त्या काळातलं वातावरण कसं होतं, ते यावरून कळतं. ड्रग्जविरुद्ध 'युद्ध' पुकारलेलं होतं, आणि युद्ध म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांपुढे सैनिकच येतात. तीन महिन्यांच्या आत, २९ नोव्हेंबर १९८९ला, संरक्षण खात्याच्या त्या वर्षीच्या कायद्यातून एक नवीन कलम आलं: टायटल ३२, कलम ११२. राज्यांमधल्या नॅशनल गार्डने ड्रग्जविरोधी कामात पोलिसांना मदत करायची आणि त्याचा खर्च केंद्र सरकारने द्यायचा, अशी ही व्यवस्था. ती आजही चालू आहे.

नॅशनल गार्ड म्हणजे कोण?

आपल्याकडे याला जवळचं उदाहरण टेरिटोरियल आर्मीचं. धोनी मानद लेफ्टनंट कर्नल आहे ना, तीच. एरवी नोकरीधंदा करायचा, ठरलेल्या दिवशी वर्दी घालायची. नॅशनल गार्डचा नेहमीचा हिशोब असा: महिन्यातला एक वीकएंड आणि वर्षातले दोन आठवडे. कुणी शिक्षक असतो, कुणी मेकॅनिक, कुणी बँकेत. सगळे मिळून सव्वाचार लाखांच्या आसपास माणसं.

पण एक मोठा फरक आहे. आपली टेरिटोरियल आर्मी पूर्णपणे केंद्राची. नॅशनल गार्डला मात्र दोन मालक आहेत. एरवी ते राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली असतं, आणि गरज पडली की राष्ट्राध्यक्ष त्याला केंद्राच्या सेवेत घेऊ शकतात. ५० राज्यं, वॉशिंग्टन डीसी, प्वेर्तो रिको, ग्वाम आणि व्हर्जिन आयलंड्स मिळून ५४ ठिकाणी गार्ड आहे. (डीसीला गव्हर्नर नाही, त्यामुळे तिथलं गार्ड थेट राष्ट्राध्यक्षांकडे.)

आणि हो, आपल्या एसआरपीएफशी गल्लत करू नका. राज्य राखीव पोलीस दल नावाने राखीव असलं तरी ते पोलीसच. नॅशनल गार्ड हे सैन्य आहे. त्यांच्याकडे रणगाडे आहेत, लढाऊ विमानं आहेत. इराक आणि अफगाणिस्तानात ते लढून आलेत.

१८७८चा कायदा

सैन्याने देशातल्या देशात पोलिसांचं काम करू नये, असं अमेरिकेचा एक जुना कायदा सांगतो. नाव जरा तोंड वाकडं करणारं आहे: पॉसी कॉमिटॅटस अ‍ॅक्ट, १८७८. पूर्वी शेरीफला चोर पकडायचा असला की तो गावातल्या धडधाकट माणसांना हाक मारायचा. त्या जमवलेल्या माणसांना म्हणायचे पॉसी. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांत केंद्राचं सैन्य बरीच वर्षं बंदोबस्ताला होतं. तिथल्या गोऱ्या पुढाऱ्यांना ते नको होतं, कारण नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या मतदारांना त्या सैन्याचा आधार होता. त्या राजकारणातून हा कायदा आला. म्हणजे जन्म काही फार उदात्त नाही. पण पुढे त्याचा अर्थ नागरी स्वातंत्र्याची भिंत असा झाला: ज्याच्या हातात युद्धाचं शस्त्र, त्याने नागरिकाच्या घराची झडती घेऊ नये.

आता कळीचा मुद्दा. हा कायदा केंद्राच्या हुकमाखालच्या सैन्याला लागू होतो. गव्हर्नरच्या हुकमाखाली असलेल्या गार्डला तो लागू होत नाही. म्हणजे तोच जवान, तीच वर्दी, तीच गाडी. पण ऑर्डरच्या कागदावर कुणाची सही आहे, त्यावर कायदा बदलतो.

याचे तीन प्रकार आहेत. लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पहिला: राज्याची सेवा. हुकूम गव्हर्नरचा, पैसाही राज्याचा. पूर, वादळ, वणवा अशा वेळी बहुतेकदा हेच.

दुसरा: टायटल ३२. हुकूम गव्हर्नरचा, पण पैसा केंद्राचा.

तिसरा: टायटल १०. हुकूम राष्ट्राध्यक्षांचा, पैसाही केंद्राचा. इथे मात्र पॉसी कॉमिटॅटस लागू.

ड्रग्जचा कार्यक्रम दुसऱ्या प्रकारात बसवला. हुकूम गव्हर्नरचा राहिला, त्यामुळे १८७८चा कायदा आडवा येत नाही. आणि पैसा केंद्राचा, त्यामुळे राज्याच्या तिजोरीला भार नाही. दोन्ही बाजू खूश.

मग हे करतात काय?

सिनेमात दाखवतात तसं दार तोडून आत घुसणारे सैनिक डोळ्यांपुढे आणू नका. नियम असा की अटक, झडती आणि जप्ती पोलिसांनी करायची. गार्डने मागे राहून मदत करायची. तीही पोलीस किंवा तपास यंत्रणेने मागितली तर, आणि प्रकरणाचा ड्रग्जशी संबंध असला तर.

सुरुवात कलम ११२ येण्याच्या आधीच झाली होती. १९७७मध्ये हवाई राज्यात पोलिसांना डोंगरातली गांजाची शेती शोधायची होती. तिथे गाडी जात नाही, पायी जाणं अवघड. गार्डकडे हेलिकॉप्टरं होती. मोहिमेचं नाव पडलं ऑपरेशन ग्रीन हार्वेस्ट. पुढे १९८३पासून कॅलिफोर्नियात अशीच गांजाविरोधी मोहीम दरवर्षी निघू लागली. डोक्यावरून खाली खाली घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरांबद्दल तिथल्या गावकऱ्यांच्या तक्रारी होत्या. प्रकरण कोर्टातही गेलं.

आज चित्र वेगळं आहे. सगळ्यात महत्त्वाचं काम टेबलावरचं आहे. गार्डचा अ‍ॅनालिस्ट पोलिसांच्या किंवा डीईएच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय ड्रग्जविरोधी यंत्रणेच्या, ऑफिसात बसतो. फोनचे रेकॉर्ड, बँकेचे व्यवहार, गाड्यांची ये-जा, कोण कुणाला कधी भेटलं, हे सगळं जोडून नकाशा बनवतो. गल्लीत पुडी विकणाऱ्या पोरापासून वरपर्यंत साखळी कशी जाते, ते त्यातून दिसतं. छोट्या गावातल्या पोलीस ठाण्याकडे असा माणूस ठेवायला पैसेच नसतात.

शिवाय भाषा येणारी माणसं, हवाई टेहळणी, रात्री दिसणारे कॅमेरे आहेत. पोलिसांना शिकवण्यासाठी पाच प्रशिक्षण केंद्रं आहेत: फ्लोरिडा, मिसिसिपी, पेनसिल्व्हेनिया, आयोवा आणि वॉशिंग्टन राज्यात. आणि शाळांमध्ये, वस्त्यांमध्ये व्यसनाविरुद्धचं कामही आहे.

अलीकडचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. फेंटानिल हे ड्रग हेरॉइनच्या ५० पट तीव्र असू शकतं. अमेरिकेत २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी ड्रग्जच्या ओव्हरडोसने प्रत्येकी १ लाखाहून जास्त माणसं मेली. त्यात फेंटानिलचा वाटा सगळ्यात मोठा. एप्रिल २०२३मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सॅन फ्रान्सिस्कोत गार्डची मदत जाहीर केली. पुष्कळांना वाटलं, आता रस्त्यावर सैनिक उभे राहणार. प्रत्यक्षात आले १४ जण, तेही मुख्यतः विश्लेषणासाठी.

पैसा कसा येतो?

आता कंटाळवाण्या प्रश्नाकडे. इथेच खरी गंमत आहे.

दरवर्षी प्रत्येक गव्हर्नरने एक योजना लिहून संरक्षणमंत्र्यांकडे पाठवायची. आमच्या राज्यात ड्रग्जची परिस्थिती काय, गार्डची माणसं कशी वापरणार, हे त्यात हवं. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने लिहून द्यायचं की हे आमच्या राज्याच्या कायद्यात बसतं. आणि ही माणसं तेव्हा केंद्राच्या सेवेत नसतील, हेही लिहून द्यायचं. संरक्षणमंत्री योजना तपासणार, मंजूर करणार, मग पैसा सुटणार.

या पैशातून पगार, भत्ते, कपडे, जेवण, प्रवास, सामानाची देखभाल, भाड्याने घेतलेलं सामान असा खर्च भागतो. महागडी खरेदी करायची तर आधी परवानगी. माणसांवरही मर्यादा आहे. १८० दिवसांपेक्षा जास्त काळाच्या पूर्णवेळ ड्युटीवर साधारण ४,००० जणच ठेवता येतात. आणि या जवानांचं नेहमीचं लष्करी प्रशिक्षण चुकता कामा नये, कारण शेवटी ते सैनिक आहेत.

पैसा मंजूर करते अमेरिकेची काँग्रेस. काँग्रेस म्हणजे त्यांची संसद हं, आपल्याकडचा पक्ष नव्हे! इथे दरवर्षी एक ठरलेलं नाटक होतं. संरक्षण खातं आपल्या मागणीत या कार्यक्रमासाठी हात आखडता घेतं. त्यांच्या दृष्टीने हे मुख्य काम नाही. मुख्य काम युद्धाची तयारी. मग काँग्रेस स्वतःहून रक्कम वाढवते. का? कारण पैसा सगळ्या राज्यांत जातो. प्रत्येक सिनेटरला आपल्या मतदारसंघात जाऊन सांगता येतं की ड्रग्जविरुद्ध मी एवढे आणले. प्रशिक्षण केंद्रं ज्या राज्यांत आहेत, तिथले प्रतिनिधी तर जास्तच जागरूक. २०१४ ते २०१८ या पाच आर्थिक वर्षांत मिळून या कार्यक्रमाला १ अब्ज डॉलरहून जास्त मिळाले. आकडा मोठा वाटतो, पण संरक्षण खात्याच्या अवाढव्य बजेटमध्ये तो चिमूटभर आहे. आणि चिमूटभर असल्यामुळेच त्याच्याकडे कुणाचं नीट लक्ष नसतं.

याचा पुरावा जानेवारी २०१९मध्ये आला. अमेरिकेत गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस नावाची संस्था आहे, साधारण आपल्या कॅगसारखी. त्यांनी हिशोब तपासला. कायदा म्हणतो, आधी योजना मंजूर करा, मग पैसे द्या. प्रत्यक्षात किमान २००९पासून योजना मंजूर व्हायच्या आधीच राज्यांना पैसे दिले जात होते! मंजुरीला २००९मध्ये सुमारे ९० दिवसांचा उशीर होत होता. २०१८पर्यंत तो २१० दिवसांच्या वर गेला. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातले २१० गेल्यावर कागदावर सही. म्हणजे गार्डने काय करावं यावर नजर ठेवायला जो कागद बनवला, तोच औपचारिकता होऊन बसला.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. बजेट वेळेवर मंजूर होणं तिथे दुर्मीळच. मग तात्पुरता ठराव करतात: सध्या गेल्या वर्षीच्या हिशोबाने थोडं थोडं चालवा. यात काय होतं बघा. समजा, एक सार्जंट आहे. चार वर्षं अ‍ॅनालिस्टचं काम करून तयार झाला आहे. एका मोठ्या टोळीची केस त्याच्या टेबलावर आहे. सप्टेंबर संपला की त्याची ऑर्डर संपते. पुढची ऑर्डर वर्षाची मिळणार की तीन महिन्यांची, कुणाला माहीत नाही. घरभाडं तर दर महिन्याला भरायचंय. तो खासगी नोकरी धरतो. पुढे वसंतात पैसा येतो, पण आता माणूस नाही. नवा माणूस आणा, शिकवा. तोपर्यंत पुन्हा सप्टेंबर. तयार माणसं अशी हातची जातात, हे राज्यांच्या अधिकाऱ्यांनी त्या तपासणीत सांगितलं होतं.

आपल्याकडे कंत्राटी नोकरीवर असलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. ऑर्डर सप्टेंबरला संपते की डिसेंबरला, यावर तपास अडतो.

राज्य देतं तेव्हा, आणि अब्जाधीश देतो तेव्हा

केंद्राचा पैसा नको असेल तर? टेक्सासने तो मार्ग घेतला. मार्च २०२१मध्ये गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी ऑपरेशन लोन स्टार सुरू केलं. ड्रग्ज आणि माणसांची तस्करी रोखायची म्हणून गार्ड आणि राज्याचे पोलीस मेक्सिकोच्या सीमेवर उभे केले. हुकूम राज्याचा, पैसाही राज्याचा. इथे वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही. पण खर्च ११ अब्ज डॉलरच्या वर गेला, आणि २०२५च्या सुरुवातीला अ‍ॅबट यांनी ते पैसे केंद्राने भरून द्यावेत अशी मागणी केली. परवानगी नको होती, बिल मात्र पाठवलं.

आणि याहून चकित करणारी गोष्ट २०२१च्या जूनमधली. साउथ डकोटाच्या तेव्हाच्या गव्हर्नर क्रिस्टी नोएम यांनी आपले ५० पर्यंत जवान टेक्सासच्या सीमेवर पाठवायचं जाहीर केलं. खर्च कुणाचा? टेनेसीतल्या एका अब्जाधीशाच्या संस्थेने १० लाख डॉलरची देणगी दिली! थांबा आणि विचार करा. सैनिक, सरकारी वर्दी, सरकारी बंदूक. आणि कुठे जायचं त्याचा खर्च एक श्रीमंत माणूस देतोय. मग उद्या दुसरा श्रीमंत माणूस म्हणेल, माझ्या शहरातल्या अमुक वस्तीत पाठवा, चेक तयार आहे. वर्ष संपायच्या आत काँग्रेसने कायदा केला: एका राज्याचं गार्ड दुसऱ्या राज्यात पाठवायला खासगी पैसा चालणार नाही. अपवाद फक्त नैसर्गिक आपत्तीचा.

१९९७: टेक्सासचं एक गाव

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, एवढा कागदोपत्री काथ्याकूट कशाला? ड्रग्जनी पोरं मरतायत, सैन्य असेल तर वापरा ना सरळ. रास्त प्रश्न आहे. त्यासाठी एक गोष्ट सांगतो.

टेक्सासमध्ये सीमेवर रेडफर्ड नावाचं छोटंसं गाव आहे. मे १९९७मध्ये मरीन सैनिकांची एक तुकडी तिथे झुडपांत लपून टेहळणी करत होती. हे गार्डचे नव्हते, केंद्राच्या पूर्णवेळ सैन्याचे होते. काम फक्त बघण्याचं: ड्रग्ज घेऊन कुणी नदी ओलांडतंय का, ते बॉर्डर पेट्रोलला कळवायचं. अटक करायची नाही. म्हणजे १८७८चा कायदा मोडलेला नव्हता.

संध्याकाळी १८ वर्षांचा एक शाळकरी मुलगा आपल्या शेळ्या घेऊन निघाला. जवळ एक जुनी, लहान रायफल. मरीन म्हणाले की त्याने त्यांच्या दिशेने गोळी झाडली. त्यांचे चेहरे रंगवलेले, अंगावर झाडपाला. तिथे माणसं आहेत हे त्याला कळलं असेल का, हा प्रश्न गावाने पुढे अनेक वर्षं विचारला. सैनिकांनी सुमारे वीस मिनिटं त्याचा माग घेतला. त्याने पुन्हा रायफल उचलली असं त्यांचं म्हणणं. एका कॉर्पोरलने गोळी घातली. मुलगा मेला. त्याचा ड्रग्जशी काही संबंध नव्हता.

ग्रँड ज्युरीने सैनिकावर खटला भरला नाही. सरकारने कुटुंबाला भरपाई दिली. आणि संरक्षण खात्याने सीमेवरच्या अशा सशस्त्र जमिनीवरच्या टेहळण्या थांबवल्या.

यातून काय दिसतं? पोलिसाला शिकवतात: आधी ओळख दे, आवाज दे, माणूस जिवंत हाती लागेल असं बघ. सैनिकाला शिकवतात: लपून राहा, धोका आला की संपव. कुणी वाईट नाही. शिक्षणच वेगळं आहे. 'अटक करायची नाही' एवढा एक नियम पुरत नाही. सैनिकाला कुठे उभं केलंय, हेही तितकंच महत्त्वाचं. म्हणूनच गार्डचा ड्रग्ज कार्यक्रम हळूहळू झुडपांतून ऑफिसच्या टेबलाकडे सरकला, हे मला चांगलं लक्षण वाटतं.

आणलं एकासाठी, वापरलं दुसऱ्यासाठी

पण टेबलावरच्या कामातही धोका आहे. तो गोळीसारखा दिसत नाही, एवढंच.

गार्डकडे आरसी-२६ नावाची ११ छोटी टेहळणी विमानं होती. ड्रग्जविरोधी कामासाठी सजवलेली, चांगल्या कॅमेऱ्यांची. वणव्यांतही ती उपयोगी पडायची. मे २०२०मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर अमेरिकाभर निदर्शनं पेटली. तेव्हा हीच विमानं मिनियापोलिस, फिनिक्स आणि वॉशिंग्टनवर फिरली. हवाई दलाच्या इन्स्पेक्टर जनरलने चौकशी केली. चित्रं माणूस ओळखण्याइतकी स्पष्ट नव्हती, असं अहवालात आलं. तरी मुद्दा उरतोच. ड्रग्जच्या नावावर उभं केलेलं साधन निदर्शकांच्या डोक्यावर पोचायला फारसा वेळ लागला नाही. २०२२च्या अखेरीस ती विमानं सेवेतून गेली.

आणि आता तिसरा प्रकार आठवा, टायटल १०. जून २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी गव्हर्नर न्यूसम यांच्या विरोधाला न जुमानता कॅलिफोर्नियाचं गार्ड केंद्राच्या सेवेत घेतलं. कारण दिलं लॉस एंजेलिसमधल्या निदर्शनांचं. पण त्याच महिन्यात त्यातले शेकडो जवान लॉस एंजेलिसपासून कितीतरी दूर, कोचेला खोऱ्यातल्या गांजाच्या शेतांवर डीईएच्या छाप्यासोबत गेले. आता बघा: कॅलिफोर्नियाचं गार्ड, गांजाची शेती, तपास यंत्रणेला मदत. वरवर १९८३पासून चालत आलेलंच काम. पण या वेळी हुकूम वॉशिंग्टनचा होता. २ सप्टेंबर २०२५ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या केंद्रीय न्यायाधीशांनी निकाल दिला की लॉस एंजेलिसच्या या तैनातीत सरकारने पॉसी कॉमिटॅटस कायदा मोडला. सरकारने लगेच अपील केलं. पण १४७ वर्षांचा कायदा अजून जिवंत आहे, हे सगळ्यांना कळलं.

उपयोग होतो का?

दरवर्षी अधिकारी सांगतात: आमच्या मदतीने एवढ्या किमतीचा माल पकडला. हे आकडे जपून ऐका. एका छाप्यात स्थानिक पोलीस, राज्याचे पोलीस, डीईए आणि गार्ड असे चौघं असले की चौघंही तोच माल आपल्या खात्यात मोजू शकतात. आणि जास्त माल पकडला म्हणजे बाजारात कमी आला, की मुळातच जास्त येतोय? नुसत्या जप्तीवरून ते कळत नाही. सगळ्यात जास्त मृत्यू झालेल्या वर्षांतही मोठमोठ्या जप्त्या होतच होत्या.

तरी मी हे सगळं निरर्थक म्हणणार नाही. फोन रेकॉर्डच्या ढिगाऱ्यातून एक टोळी उभी करणारा माणूस छोट्या पोलीस ठाण्यासाठी खरोखर मोलाचा आहे. फक्त त्या माणसाने सैनिकाची वर्दी घालायलाच हवी का? तेच काम करणारा साधा नागरी कर्मचारी पोलिसांकडे कायमचा ठेवला तर? अडचण अशी की त्यासाठी गावाला, जिल्ह्याला आपल्या खिशातून पगार द्यावा लागेल. गार्डचा माणूस फुकट मिळतो. सैन्य पोलिसांच्या कामात येतं त्याचं कारण प्रत्येक वेळी धाडस किंवा हुकूमशाही नसतं. कित्येकदा कारण इतकंच असतं की पैसा त्या खात्यात पडलेला आहे.

आपल्याकडे कसं?

थोडक्यात सांगतो. आपल्या एनडीपीएस कायद्याचं, १९८५च्या, कलम ४२ केंद्राला निमलष्करी दलांच्या आणि सशस्त्र दलांच्याही अधिकाऱ्यांना झडती, जप्ती आणि अटकेचा अधिकार देण्याची मुभा देतं. सीमा सुरक्षा दल आणि तटरक्षक दल असे अधिकार वापरतात. गुजरातच्या समुद्रात बोटी पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. म्हणजे अमेरिकेने जिथे भिंत घातली, तिथे आपण दार ठेवलंय. समुद्रात आणि सीमेवर त्याची गरज पटते. पण ज्याला अधिकार दिला, त्याचा हिशोब कोण तपासतं, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहेच.

पुढच्या वेळी 'ड्रग्जविरुद्ध सैन्य उतरवलं' अशी रील समोर आली, मग ती कुठल्याही देशाची असो, तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी शोधा. हुकूम कुणाचा? पैसा कुणाचा? आणि बेड्या कोण घालतंय? तिन्हींची उत्तरं एकाच माणसापाशी येऊन थांबत असतील, तर कान टवकारा.

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर कमेंटमध्ये टाका. चांगले प्रश्न पुढच्या भागात घेऊ. आणि हा भाग त्या एका मित्राला नक्की पाठवा, जो प्रत्येक गोष्टीवर 'मिल्ट्री बोलवा' म्हणतो. भेटूया!